पाठ केलेलं जीवशास्त्र पेपरात का आठवत नाही?

प्रश्न : मी भद्रावतीला बारावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, अकरावीपासून सगळं इंग्रजीत आलं. बायोचे पंधराही धडे दोनदा वाचून झाले, हायलायटर संपले, तरी पुस्तक मिटलं की डोकं कोरं. वर्गातल्या काही मुली क्लाससाठी नागपूरला राहायला गेल्या, काही चंद्रपूरला ये-जा करतात. मला ते जमण्यासारखं नाही. सगळेच म्हणतात, बायो म्हणजे पाठांतर. खरंच तसं आहे का? आणि असेल, तर माझंच पाठ काहून राहत नाही?
– एक विद्यार्थिनी, भद्रावती

उत्तर : सगळे म्हणतात ते चौथाई खरं आहे. बोर्डाचा बारावीचा जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा. त्यातले पहिले १८ गुण, म्हणजे दहा बहुपर्यायी प्रश्न आणि एकेका गुणाची आठ छोटी उत्तरं, हे बऱ्याच अंशी नावं, संज्ञा आणि आकडे लक्षात असण्यावर मिळतात. उरलेले ५२ गुण फरक सांगा, कारण द्या, आकृती काढून नावं द्या, अमुक का घडतं ते लिहा, या वाटेनं येतात. तिथे पाठ केलेला परिच्छेद जसाच्या तसा बसत नाही. त्यातलं हवं तेवढंच उचलून, विचारलंय त्या क्रमानं मांडावं लागतं. तू दोनदा वाचलंस असं लिहितेस. एकदा तरी न बघता लिहून पाहिलंस, असं पत्रात कुठे दिसत नाही. गोम तिथेच आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रॉडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला; काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं : पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. यातली मेख पाच मिनिटांच्या निकालात आहे. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपल्याला हे येतं अशी खात्री पटते. ओळखणं सोपं असतं, आठवून काढणं अवघड, आणि बोर्डाच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्न सोडले तर ओळखायला काही दिलेलंच नसतं. हायलायटरनं पिवळ्या केलेल्या ओळी तुझ्या ओळखीच्या झाल्यात, एवढंच.

म्हणून आजपासून उलट कर. धडा एकदा नीट वाच, पुस्तक दप्तरात टाक, पाठकोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. पहिल्या दिवशी कागद अर्धाही भरणार नाही, तरी पुस्तक उघडू नकोस. पाचेक मिनिटं नुसतं बसून राहायला लागलं तरी चालेल. त्या बसण्यातच काम होतं. मग पुस्तक काढून राहिलेलं लाल पेननं भर. दोन-तीन दिवसांनी तोच धडा पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. दर वेळी लाल शाई कमी होत जाते आणि किती कमी झाली ते डोळ्यांना दिसतं.

आकृत्यांचंही तसंच. बीजांडाची, म्हणजे अॅनाट्रोपस ओव्ह्यूलची उभ्या छेदाची आकृती घे, कारण ती पेपरात वरचेवर दिसते. बघून काढली तर कुणालाही येते. न बघता काढायला बस, मग कुठे अडतेस ते कळेल. बीजांड उलटं वळलेलं असल्यामुळे मायक्रोपाइल देठाच्या, म्हणजे फ्युनिकलच्या शेजारी खाली येतं, हे पहिल्यांदा हटकून विसरतं. अंडपेशी आणि तिच्या दोन सोबतिणी, सिनर्जिड्स, या मायक्रोपाइलच्या टोकाला; तीन अँटिपोडल पेशी समोरच्या चलाझाच्या टोकाला; मधल्या मोठ्या पेशीत दोन पोलर न्यूक्लिआय. सात पेशी, आठ केंद्रकं. ही टोकं उलटी झाली की आकृती कितीही सुबक असली तरी गुण जातो. टोकं लक्षात ठेवायला कारण शोध : परागनलिका मायक्रोपाइलमधून आत येते, मग अंडपेशी तिच्या दाराशीच असायला हवी. कारण कळलेली आकृती सहसा चुकत नाही. रंगीत पेन्सिली मात्र बाजूला ठेव. स्वच्छ रेघ, आडव्या रेषेवर सरळ लिहिलेली नावं, बस.

आता माध्यमाचं. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाचा भाग दोन अजून घरात असेल, रद्दीत गेला असेल तर धाकट्या कुणाकडून आण. त्यातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, पुढचे दोन सजीवांतील जीवनप्रक्रिया. बारावीचे निम्मे धडे या तीन धड्यांच्या खांद्यावर उभे आहेत. बारावीचा धडा उघडण्याआधी तो विषय दहावीच्या पुस्तकात मराठीतून वाच, मग बारावीचं इंग्रजी वाचताना फक्त नवी नावं शिकायची उरतात. त्यानंतर घरातल्या कुणालाही, आईला, आजीला, तो विषय मराठीत समजावून सांग. सांगताना जिथे अडखळशील तिथे तुला कळलेलंच नाही असं धर. उत्तर लिहिताना इंग्रजी वाक्यं छोटी ठेव, एका वाक्यात एकच गोष्ट. भारदस्त इंग्रजीला गुण नाहीत. संज्ञेचं स्पेलिंग आणि मुद्द्याचा क्रम, याला आहेत.

तुझ्या प्रश्नातली ठसठस मात्र मला वेगळी दिसते : नागपूरला गेलेल्यांना काहीतरी मिळतंय आणि आपण भद्रावतीत मागे पडलो. क्लासमध्ये वेळापत्रक मिळतं, चाचण्या मिळतात, बरोबरीच्या मुलांची चुरस मिळते, हे मान्य. पण बारावीच्या जीवशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम ज्या जिल्ह्यात रोज घडतो, त्यात तू राहतेस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. जे पाहिलंय ते आठवून काढायला सोपं जातं, म्हणून म्हणते.

सिकलसेल घे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा शब्द माहीत नसलेलं गाव सापडणं कठीण. आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत हा आजार आहे. शाळेत, आश्रमशाळेत, आरोग्य उपकेंद्रात बोटाचं रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट होते, त्यात संशय आला की इलेक्ट्रोफोरेसिस. केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथून सुरू केली, २०४७ पर्यंतचं लक्ष्य ठेवून. या एका आजारात तुझे तीन-चार धडे एकत्र येतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, कारण संदेशवाहक आरएनएवर जीएजीच्या जागी जीयूजी आलेलं असतं. एक अक्षर बदललं की काय होतं, याचं याहून ठळक उदाहरण पुस्तकात दुसरं नाही. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे बनवतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि सांधे, हाडं ठणकू लागतात.

पुढे आनुवंशिकता. आई वाहक, वडील वाहक. प्रत्येक गरोदरपणात मूल निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, आजारी असण्याची २५. इथे "प्रत्येक गरोदरपणात" हे महत्त्वाचं. चार मुलांपैकी एकाला होणारच, असा अर्थ गावातही काढला जातो आणि उत्तरपत्रिकेतही, आणि दोन्हीकडे तो चूक. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही. वंशावळीचा तक्ता आला तर दोनच प्रश्न विचार. निरोगी आईवडिलांना आजारी मूल आहे का? असेल, तर दोष अप्रभावी. आजारी मुलीचा बाप निरोगी आहे का? असेल, तर तो एक्स गुणसूत्रावरचा अप्रभावी दोष असू शकत नाही, कारण मुलीला एक एक्स बापाकडूनच येतो. एवढ्या दोन प्रश्नांत बहुतेक तक्ते सुटतात. सराव म्हणून ओळखीच्या घरांची वंशावळ मात्र काढू नकोस. तो आजार कुणाच्या तरी लग्नाच्या बोलणीत अडसर होऊन बसलेला असतो. पुस्तकातले तक्ते पुरेत.

आणि उत्क्रांती. इतका त्रासदायक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? १९५४ साली अँथनी अॅलिसन यानं आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की सिकलसेलच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळतं. आता गडचिरोलीचा नकाशा डोळ्यांपुढे आण. महाराष्ट्रातला मलेरिया म्हटलं की पहिलं नाव याच जिल्ह्याचं, आणि सिकलसेलही तिथेच. नैसर्गिक निवडीवर चार गुणांचं उत्तर लिहायचं असेल तर इंग्लंडच्या काळ्या-पांढऱ्या पतंगांच्या जोडीला हे उदाहरण लिही.

दुसरी गोष्ट हत्तीरोगाची. तुमच्या भागात आरोग्य कर्मचारी हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री उशिरा रक्ताचा थेंब घ्यायला येतात, हे तू पाहिलं किंवा ऐकलं असशील. लोक कुरकुरतात, दिवसा का नाही येत? त्याचं उत्तर तुझ्या मानवी आरोग्य आणि रोग या धड्याला चिकटलेलं आहे. वुचेरेरिया बॅनक्रॉफ्टी या कृमीचे प्रौढ लसीकावाहिन्यांत राहतात, पण त्यांची पिल्लं, मायक्रोफायलेरिया, रक्तात फिरतात. तीही मुख्यतः रात्री. दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात. हा रोग पसरवणारी क्युलेक्स डासाची मादी रात्री चावते, आणि तिच्या पोटात जायचं तर त्याच वेळी कातडीजवळच्या रक्तात हजर असायला हवं. दिवसा घेतलेल्या थेंबात काही दिसणार नाही आणि माणूस निरोगी ठरेल. पाय सुजलेला नसतानाही सगळ्यांना गोळ्या का खायला लावतात, याचं उत्तरही यातच आहे : सूज दिसायला वर्षं लागतात, पण रक्तात मायक्रोफायलेरिया असलेला धडधाकट माणूस डासांमार्फत रोग वाटत असतो. क्युलेक्स आणि अॅनाफिलिस, कृमी आणि प्लाझ्मोडियम, लसीकावाहिन्या आणि लाल पेशी, हा हत्तीरोग आणि मलेरियातला सगळा फरक तुला आता पाठ करावा लागू नये.

तुमच्या तालुक्यात कोळशाच्या उघड्या खाणी आहेत, माजरीकडे गेलीस की मातीचे डोंगर दिसतात. कोळशावरची माती-दगड काढून रचलेले. नुकत्याच रचलेल्या ढिगाऱ्यावर काहीच नसतं. थोड्या जुन्यावर गवत आणि तण. त्याहून जुन्यावर झुडपं, बाभळी. काही झाडं खाण कंपनीनं लावलेली असतात, ती वगळून बघ. ओसाड जागेवर जीवसृष्टी पायरीपायरीनं कशी वसते, या सक्सेशनच्या उत्तरात पुस्तक खडकावरच्या दगडफुलापासून सुरुवात करतं. तू ढिगाऱ्यांची ओळ बसच्या खिडकीतून पाहिलेली असशील, तर क्रम चुकणार नाही.

ताडोबाबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, राज्यातलं पहिलं. व्याघ्रप्रकल्पाचं क्षेत्र गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर. एक गफलत मात्र टाळायला सांगते. वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात आणि त्यासाठी जंगलात ५०० तृणभक्षी असावे लागतात, हा उल्लास कारंथ यांचा हिशेब प्रसिद्ध आहे. लिंडमनचा १९४२ सालचा दहा टक्क्यांचा नियम वेगळा : एका पोषण पातळीवरून वरच्या पातळीला सुमारे दहा टक्केच ऊर्जा पोचते. पहिला जनावरांच्या संख्येचा हिशेब, दुसरा ऊर्जेचा. दोन्हीकडे दहा टक्के येतात म्हणून मुलं सरमिसळ करतात.

अन्नोत्पादनवाढीच्या धड्यासाठी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या शेतात त्यांना तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून आलेलं बारीक तांदळाचं वाण बाजारात घड्याळाच्या नावानं, एचएमटी म्हणून गेलं. आज ते आपल्या सगळ्यांच्या ताटात असतं. पुढे त्यांनी आणखीही वाणं काढली. २०१८ साली ते गेले. आता पुस्तकातल्या वनस्पती प्रजननाच्या पायऱ्या समोर ठेव : विविधता गोळा करणं, पालक निवडणं, संकर, निवड आणि चाचणी, प्रसार. दादाजींनी यातली कोणती पायरी केलीच नाही? संकर. त्यांनी निसर्गात आपोआप आलेला फरक हेरला आणि निवड केली. एवढा एक प्रश्न स्वतःला विचारलास की पाचही पायऱ्या क्रमानं आठवतील.

परागीभवनाचा धडा उजळायला मुद्दाम कुठे जायला नको. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि पळस, सावर फुलतात त्याच दिवसांत. दोन्हीकडे पक्षी परागीभवन करतात. पळसाचं एक फूल उचल : मोठी, भडक पाकळी, वास जवळजवळ नाही, तळाशी मध भरपूर. पक्ष्यांना रंग दिसतो, वासाचं त्यांना विशेष काही नसतं. ऑर्निथोफिलीची लक्षणं लिहायला सांगितली तर ते फूल आठव आणि त्याचंच वर्णन लिही.

आता थोडं पेपराच्या तंत्राचं, कारण तिथेही गुण गळतात. छापील पेपर ९८ गुणांचा असतो आणि लिहायचे ७० चे : दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८, चार गुणांचे ५ पैकी ३. पर्याय एवढे आहेत म्हणून एखादा धडा सोडायचा मोह होतो. अवघड वाटणारा एखादा सोडलास तर लेखी पेपर निभेल, पण पहिल्या अठरा गुणांना पर्याय नाही आणि ते सगळीकडून येतात. बहुपर्यायी उत्तरात नुसतं अक्षर लिहू नकोस, अक्षरासह पूर्ण उत्तर लिही. खाडाखोड करून दोनदा लिहिलंस तर पहिलंच धरतात. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू कर. तीन तासांत ७० गुण म्हणजे गुणाला अडीच मिनिटं; चार गुणांच्या उत्तराला दहा मिनिटांच्या वर एक मिनिटही देऊ नकोस. हल्ली शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात, ती आकृत्यांची राहिलेली नावं भरायला ठेव. फरक सांगा म्हटलं की दोन रकाने आखून समोरासमोर मुद्दे लिही. एका बाजूला चार मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला भलतेच चार, ही उत्तरं तपासणाऱ्याला वैताग आणतात.

मागच्या वर्षांचे पेपर मिळव आणि आठवड्यातून एक, घड्याळ लावून, एका बैठकीत सोडव. जेवायला उठलीस तर तो पेपर धरायचा नाही. क्लासमधून मिळणारी मुख्य गोष्ट हीच, आणि ती घरी फुकट होते. तपासायला कुणी नसेल तर मैत्रिणीशी पेपर बदलून घे. दुसऱ्याची उत्तरं तपासताना गुण कुठे कापावासा वाटतो ते कळतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. कांद्याच्या मुळाग्राच्या स्लाईडमध्ये मला पेशीविभाजन कधीच दिसत नाही, सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. माझा मायक्रोस्कोप खराब आहे का?
– एक विद्यार्थी, वरोरा

उत्तर : बहुधा मायक्रोस्कोप ठीक आहे आणि मूळ चुकीच्या जागी कापलंय. पेशीविभाजन मुळाच्या अगदी टोकाशी, एक-दोन मिलिमीटरच्या भागात चालतं. त्याच्या वरच्या भागात पेशी फक्त लांब होतात, तिथे विभाजन दिसणारच नाही. कांदा पाण्याच्या ग्लासवर टेकवून ठेव, दोन-तीन सेंटिमीटरची मुळं आली की सकाळीच टोकं काप आणि अल्कोहोल व अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाक. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम केल्याशिवाय पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत. ही पायरी मुलं घाईत गाळतात. मग अॅसिटोकार्मिन, वर काच, टिपकागद आणि अंगठ्यानं सरळ खाली दाब. अंगठा सरकवलास तर पेशी गुंडाळल्या जातात. एवढं करूनही बहुतेक पेशी दोन विभाजनांमधल्याच अवस्थेत दिसतील, कारण पेशीचा बहुतेक वेळ त्यातच जातो. स्लाईड हळूहळू सरकवत शोधायचं. आणि प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत, तेव्हा जर्नल शेवटच्या आठवड्यात मित्राचं बघून उतरवू नकोस. तोंडी परीक्षेत त्यातलंच विचारतात.

प्रश्न : रात्री जागून अभ्यास करावा की पहाटे उठून?
– दोघी बहिणी, भद्रावती

उत्तर : झोप येत नाही तेव्हा. दिवसा वाचलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा आहे, त्यामुळे झोप कापून वाढवलेले तास हिशेबात धरू नका. पेपर सकाळी असेल तर परीक्षेच्या आधीचे दोन-तीन आठवडे त्याच वेळी लिहायला बसायची सवय लावा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, त्याला गणित आवडतं. नातेवाईक म्हणतात बायो ठेवच, डॉक्टर होईल. दोन्ही ठेवलं तर ओझं होईल का? काय करावं?
– एक पालक, भद्रावती

उत्तर : ओझं होईल, पण पेलण्याजोगं. एमबीबीएस, आयुर्वेद, नर्सिंग यांना जीवशास्त्र लागतं. बीफार्मला गणित किंवा जीवशास्त्र, दोन्हींपैकी काहीही चालतं. राज्याच्या सीईटीत जीवशास्त्राचे १०० गुण असतात, ५० वनस्पतीशास्त्र आणि ५० प्राणीशास्त्र, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, पण तिथे चुकलं की एक गुण जातो. ती परीक्षा मराठीतूनही देता येते. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे डॉक्टर व्हायचं तर गाव फार लांब सोडावंच लागेल असंही नाही. मुलाला गणित आवडतं आणि जीवशास्त्राचा कंटाळा नाही, असं असेल तर दोन्ही ठेवा. कंटाळा असेल तर बायो सोडा. नातेवाइकांसाठी पंधरा धडे कुणी लिहून पाहत नाही.

पुढच्या वेळी प्रश्न पाठवताना इयत्ता आणि धड्याचं नाव लिहा. नुसतं "सगळंच अवघड जातंय" असं लिहिलेल्या पत्रांना उत्तर देता येत नाही.